मामाचा फुलबॅक

मामाच्या दुकानात त्याची स्वतःची अशी एकही खुर्ची नव्हती. खुर्च्या पुष्कळ होत्या, पण सगळ्या लोकांच्या. कोणाच्या दिवाणखान्यातली स्प्रिंग वर आलेली, कोणाच्या आजोबांची हात उसवलेली, एखादी वकिलाच्या ऑफिसातली, बसलं की एका अंगाला कलणारी. या सगळ्यांना नव्याने गाद्या बसवून देणं हा मामाचा धंदा. रविवारी सकाळी जमणारी मंडळी याच आजारी खुर्च्यांवर बसून रग्बीवर बोलत. कोणाला काय मिळेल ते त्या आठवड्यात दुरुस्तीला काय आलंय यावर. एका हिवाळ्यात डॉक्टरांच्या वाट्याला न्हाव्याची खुर्ची आली होती. बोलण्याच्या भरात ते गोल फिरत आणि त्यांचं निम्मं म्हणणं भिंतीला ऐकू जाई.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॉलेजची सगळी वर्षं मी त्याच्याकडे काढली. खाली दुकान, दुकानामागे स्वयंपाकघर आणि काथ्याची पोती ठेवायची एक अरुंद खोली; ती माझी. मधल्या मजल्यावर मामा-मामी. आणि सगळ्यात वर, छपराखाली, रग्बी खेळणाऱ्या फिटरची खोली. आजही कुठे नवा काथ्या उसकटताना वास आला की मला परीक्षेची धडकी भरते आणि पाठोपाठ रविवार आठवतो.

मामा बुटका, रुंद, मान जवळजवळ नसलेला. त्याचा एक कान चुरगाळून परत सरळ केलेल्या कागदासारखा होता. तरुणपणी तो गावच्या क्लबात हुकर होता. मला शिकवताना तो सांगायचा, "पंधरा माणसं. पुढच्या आठांनी ढकलायचं, मागच्या सातांनी पळायचं. एवढं कळलं की निम्मा खेळ कळला." ढकलणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत मधोमध असतो तो हुकर. दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांत अडकलेले, समोरून आठ जणांचा भार, आणि काम काय, तर पायाने चेंडू ओढून मागे द्यायचा. पुढे त्या चेंडूचं काय झालं हे त्याला कधी दिसतच नाही, कारण डोकं खाली. मामी म्हणायची, "लग्नानंतरसुद्धा बरीच वर्षं डोकं खालीच होतं. मी काय स्वयंपाक करते ते यांना खेळ सोडल्यावर कळलं."

काम करताना मामा बारीक खिळे तोंडात धरायचा. एकेक खिळा जिभेने ओठांशी आणायचा, हातोडीच्या टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. साधंसुधं बोलणं तो खिळ्यांसकट करे. पण मत द्यायची वेळ आली की सगळे खिळे तळहातावर काढून घेई. त्याने तळहात तोंडाशी नेला की दुकानातली मंडळी गप्प होत. त्याच्या मताला तसं वजन होतं आणि ते उगाच नव्हतं. माझ्या थोरल्या भावाला क्लबाच्या संघात घ्यायचं चाललं होतं तेव्हा याच दुकानात सगळ्यांदेखत खिळे काढून मामा म्हणाला होता, "भाचा माझाच आहे. टक्कर दिसली की डोळे मिटतो. घेऊ नका." माझी आई त्यानंतर वर्षभर मामाशी बोलली नव्हती. माझा भाऊ मात्र म्हणाला, "मिटतो मी डोळे. त्याला कसं दिसलं कोण जाणे."

रविवारची मंडळी म्हणजे मुख्य तिघंच. मामा; डॉक्टर, म्हणजे दातांचे; आणि ड्रायव्हर, जो डेपोची बस चालवायचा. बाकीचे येऊन जाऊन. कापड बेतायच्या लांब टेबलावर मामा पंधरा बटणं मांडायचा. गादीवर बसवतात तसली, कापड चढवलेली बटणं. ढकलणाऱ्यांची मोठी, रेक्झिनची. पळणाऱ्यांची लहान, सुती. ती सरकवत सरकवत वाद चालायचे. हा मागे का उभा राहतो, तो बाहेरून का येत नाही, कालच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू लाथेने का घालवला. माझ्या मामीने एकदा केर काढताना तीन बटणं खाली पाडली आणि अंदाजाने परत ठेवली. डॉक्टर आले, टेबलाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धाडसी आहे. पण चालेल."

त्या वर्षी क्लबात नवा कोच आला होता आणि वादाला नवं सरपण मिळालं होतं. जुना कोच मैदानाच्या कडेने धावत ओरडायचा. त्याचा आवाज पाण्याच्या टाकीपलीकडे ऐकू जाई. नवा ओरडतच नसे. खेळाडूंना जमवून विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?"

"खेळाडूला काय वाटायचंय?" ड्रायव्हर म्हणायचा. "उद्या मी प्रवाशांना विचारतो, गाडी कुठून नेऊ."

"ओरडून माणूस पळतो, शिकत नाही," डॉक्टर म्हणायचे. "मी पेशंटवर ओरडलो तर तोंड उघडेल का तो?"

"तुमच्याकडे येणारा आधीच ओरडत असतो."

मामा खिळ्यांआडून हसायचा.

आता त्या वरच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडलं. क्लब लहान होता, खेळाडूंना द्यायला त्याच्याकडे काही नसे. बाहेरचा चांगला खेळाडू आणायचा तर त्याला दोन गोष्टी द्याव्या लागत, एक नोकरी आणि एक खोली. नोकरी कोणी ना कोणी लावून द्यायचं, डेपोत, लाकडाच्या वखारीत. खोली मात्र कोणाच्या तरी घरातच निघायची. त्यामुळे संघात कोण घ्यायचं याची चर्चा बघता बघता कोणाच्या घरात काय आहे यावर घसरायची. आमच्या वरच्या खोलीला उतरतं छप्पर होतं. उंच माणूस फक्त मधोमध सरळ उभा राहू शके. म्हणून आमच्याकडे कायम बुटके खेळाडू आले. क्लबाला लाइन-आउटला उंच माणूस नाही, बाजूने फेकलेला चेंडू दर वेळी समोरचे झेलतात, म्हणून मंडळी कपाळावर हात मारून घेत. आणि त्याचं कारण आमचं छप्पर आहे हे कोणाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. ते आलं ड्रायव्हरच्या. तो म्हणाला, "संघ कोच निवडत नाही रे. गवंडी निवडून गेलाय."

खोली खेळाडूची, अशी पद्धत होती. खेळ संपला, किंवा दुसऱ्या क्लबाने बोलावलं, की त्याने आठवड्यात खोली सोडायची आणि पुढच्याने यायचं. एक विंगर होता, मैदानाच्या कडेने पळणारा; तो चहात इतकी साखर घाले की मामी डबा लपवायची. एक स्क्रम-हाफ होता, ढकलणाऱ्यांच्या पायांतून चेंडू काढून देणारा; तो आंघोळ करताना गायचा आणि गाणं संपेपर्यंत बाहेर येत नसे. एक-दोन हंगाम राहून सगळे गेले. मामी प्रत्येक वेळी चादरी धुवायची, गादी उन्हात टाकायची आणि पुढच्याचं नाव विचारायची. मामा-मामींना मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. मामी एवढंच म्हणायची, "आमच्याकडे तयारच येतात. भूक तेवढी वाढवून पाठवतात."

फिटर आला तोही असाच एका हंगामासाठी. तेविसाव्या वर्षी, एक बॅग आणि नाड्यांची गाठ मारून पाठीवर टाकलेला बुटांचा जोड घेऊन. डेपोत ड्रायव्हरने त्याला फिटर म्हणून लावलं, आणि तेच त्याचं नाव पडलं. संघात तो फुलबॅक, पंधरा नंबर. सगळ्यात मागे उभा असणारा शेवटचा माणूस. समोरच्यांनी उंच उडवलेला चेंडू झेलायचा, आणि चौदा जणांना चकवून कोणी आलाच तर त्याला अडवायचं. मामा म्हणायचा, "त्याच्यामागे फक्त कुंपण."

तो गेला नाही. हंगामामागून हंगाम गेले, नऊ झाले. आई त्याची लहानपणीच वारली होती, वडिलांनी दुसरा संसार मांडला होता. सुट्टीत तो गावी जायचा आणि ठरल्यापेक्षा लवकर परत यायचा. मामीच्या शिलाई मशीनचा पट्टा त्याने बदलला, नळ गळायचे थांबवले, जिन्याची करकरणारी पायरी बसवली. मामाने त्याच्यासाठी एक गादी खास भरली होती, पाठीखाली जरा घट्ट. "सोफ्याचा माल घातलाय," मामी मला सांगायची. "माझ्या गादीत गुठळ्या आहेत, त्या बघायला यांना सवड नाही." रात्रीच्या जेवणाला तो बसला की मामा सामना पहिल्यापासून सुरू करायचा, आणि पानावरच्या भाकरीचे तुकडे खेळाडू व्हायचे. मामी म्हणायची, "आधी खा तो विंगर, निवतोय."

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. मामाबरोबर मी सामन्याला गेले होते. समोरच्यांनी चेंडू उंच उडवला, फिटर धावला, झेलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाने वाजवल्या नाहीत. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मैदानाकडे बघत होता, पण चेंडू तिथून केव्हाच पुढे गेला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

मामाला काही नाही असं कधी नसायचं. घरी येताना चढावर मी परत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पूर्वी चेंडू समोरच्याच्या पायाला लागायच्या आधीच हा निघालेला असायचा. आता वर गेलेला बघतो, मग निघतो." थोडं चालून म्हणाला, "मामीला बोलू नकोस."

त्या रविवारी त्याने फिटरबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि त्यानंतरच्याही. पण डोळे एकट्या मामालाच नव्हते. दोन सामन्यांत दोन चेंडू फिटरच्या पुढे पडले. मग एका रविवारी डॉक्टर न राहवून म्हणाले, "कोचच्या मनात नवा फुलबॅक आणायचाय. पलीकडच्या गावच्या क्लबातला. यायला तयार आहे म्हणे."

मामा खुर्चीच्या तळाला पट्टे ताणत होता. त्याने हात थांबवला नाही.

"केवढा आहे?" त्याने खिळ्यांआडून विचारलं.

"बावीस-तेवीसचा असेल."

"उंची म्हणतोय मी."

"सहा फुटांवर."

"मग आमच्या खोलीत कसा मावेल?"

"वाकून राहील," डॉक्टर म्हणाले. "तरुण आहे, कंबर लवते अजून."

ड्रायव्हर हसला. मग मामा हसला नाही हे पाहून थांबला. दुकानात जरा वेळ नुसती हातोडी वाजली. नवा आला की खोली त्याची. म्हणजे फिटर कुठे जाणार हे कोणी बोललं नाही, पण तिघांनाही तेच दिसत होतं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मलाही दिसलं.

पुढच्या रविवारी कोच स्वतः दुकानात आला. विचारून निर्णय घ्यायची त्याची रीत होती आणि मामाचं नाव त्याने ऐकलं होतं. त्याला कलणारी खुर्ची मिळाली. बसताच तो एका अंगाला गेला, पण तसाच बसून राहिला. मला त्याचं कौतुक वाटलं.

"फुलबॅकचं काय करायचं?" त्याने विचारलं. "मला नवा घ्यावासा वाटतोय. तुम्हाला काय वाटतं?"

मामाचा तळहात तोंडाशी गेला.

"नवा फुलबॅक घ्यायची गरज नाही," मामा म्हणाला. "घ्यायचा तर उंच माणूस घ्या, लाइन-आउटला, वखारवाल्याकडे मोठी खोली रिकामी झालीये आता. मागे आपला विंगर टाका, पोराचे हात चांगले आहेत. आणि फिटरला दहावर आणा."

त्याने टेबलावरचं मागचं सुती बटण उचललं आणि सात पळणाऱ्यांच्या सुरुवातीला ठेवलं. दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. ढकलणाऱ्यांनी मिळवलेला चेंडू याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते हा ठरवतो, समोरून माणसं अंगावर येत असताना.

"दहावर?" ड्रायव्हर म्हणाला. "अरे, दहाला विचार करायला वेळ नसतो. हा गडी मागे मोकळ्या रानात विचार करणारा. डेपोतसुद्धा इंजिनाकडे आधी पाच मिनिटं नुसता बघत बसतो."

"बघतो म्हणूनच," मामा म्हणाला. "नऊ वर्षं त्याने मागून सगळं मैदान बघितलंय. कोण कुठे चुकतो, कुठे भोक पडतं, त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे? पाय मंदावले असतील. डोकं मंदावलंय का? दहाला पळावं लागत नाही, पळवावं लागतं. लाथ अजून क्लबात त्याच्याइतकी कोणाची लांब नाही. तुम्ही नवा माणूस आणाल, त्याला आपली पोरं ओळखायला वर्ष जाईल. हा ओळखतो."

इतकं सलग बोलताना मी मामाला कधी ऐकलं नव्हतं. बटणं सरकवत, एकेक मुद्दा जोडत त्याने असं चित्र उभं केलं की मलाही पटलं. डॉक्टरांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हर डोकं खाजवत राहिला. ज्या माणसाने स्वतःच्या भाच्याला संघाबाहेर ठेवलं, तो आपल्या माणसासाठी शब्द टाकेल हे कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

"करून बघू," कोच म्हणाला.

फिटरला हे कोचकडून कळलं. संध्याकाळी जेवताना तो मामाला म्हणाला, "तुम्हाला खरंच वाटतं, काका?"

"जमेल," मामा म्हणाला आणि त्याच्या पानात वाढायला मामीला खूण केली.

"तुम्हाला वाटतं ना? मग जमेल," फिटर म्हणाला. तो खूश होता. दोन-तीन हंगाम कोणीतरी आपलं वय मोजतंय असं त्याला वाटत असणार. आता मोजणाऱ्यांतला सगळ्यात कडक माणूस जमेल म्हणत होता. आठवडाभर डेपोतून आला की तो मागच्या बोळात भिंतीवर लाथेने चेंडू मारत बसे. मामी म्हणाली, "हे बरं आहे. आता झोपेतही धाड धाड."

सामन्याच्या दिवशी बोचरा वारा होता. मी, मामा आणि ड्रायव्हर कुंपणाशी उभे होतो. पहिला चेंडू फिटरच्या हातात आला तेव्हा तो वर मान करून मैदान बघत होता, सवयीने. आणि दोन धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर आली. तो उठला. दुसऱ्या वेळी त्याने घाईने लाथ मारली, ती समोरच्याच्या छातीवर आदळली आणि चेंडू घेऊन ते थेट आमच्या टोकाला गेले. मग त्यांना उमगलं. ते त्याच्यावरच येऊ लागले. मैदान त्याला माहीत होतं, सगळं माहीत होतं. फक्त ते बघायला लागणारा वेळ तिथे नव्हता. तो शोधायचा आणि तोवर जमिनीवर असायचा.

मग कुठून तरी आवाज आला, "आजोबांना बसायला द्या कोणी." हशा पिकला. हसणारे आमचेच लोक होते. नऊ वर्षं याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मामाने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि सामना संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. ड्रायव्हर एकदा काहीतरी बोलणार होता. त्याने मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

त्या संध्याकाळी फिटर जेवायला उशिरा खाली आला. भुवईवर टाका होता. मामीने पान वाढलं. मामाने सामना सुरू केला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," फिटर म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी दहाचा माणूस नाही हे तुम्हाला माहीत होतं."

मामाने भाकरीचा तुकडा मोडला.

"मला लोक हसले त्याचं नाही. लोक हसतात. पण तुम्ही म्हणालात जमेल, म्हणून मी माझ्या मनाचं ऐकलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, संपलं तुझं, तर ऐकलं असतं. दुसऱ्या कोणाचं नसतं ऐकलं, तुमचं ऐकलं असतं."

"म्हणून तर म्हणालो नाही," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

मामाने पानाकडे बघत सांगितलं, "नवा आला असता तर तुला खोली सोडावी लागली असती."

फिटर पाणी प्यायला. मग म्हणाला, "सोडावी लागणारच आहे. बॅग भरलीये मी. सोमवारी कोचला सांगून टाकतो."

मामी चुलीशी पाठमोरी उभी होती. तिने पुसता पुसता फडकं खाली ठेवलं आणि वळली.

"मला एक सांगा दोघं," ती म्हणाली. "वरची खोली कोणाची?"

"खेळाडूची," मामा म्हणाला. लगेच, पाढा म्हटल्यासारखं.

"घर कोणाचं?"

"असं काय विचारतेस? आपलं."

"मग घर आपलं आणि खोली खेळाडूची, असं कसं? हा खेळतो म्हणून इथे झोपतो का? मला वाटत होतं हा इथे राहतो." ती फिटरकडे वळली. "तू चेंडू कुठे मारतोस मला आजतागायत कळलेलं नाही. पंधरावर मार, दहावर मार, कुंपणाबाहेर मार. त्याने तुझ्या भाकऱ्या कमी-जास्त केल्या का मी कधी?"

"तशी पद्धत आहे अगं," मामा म्हणाला. "क्लबाची."

"तुमच्या क्लबाची पद्धत दुकानात ठेवायची. जिना चढून वर आणायची नाही. इतकी वर्षं त्या बटणांशी डोकी घासताय तिघं, त्याला कुठे ठेवू, कुठे ठेवू. घरात ठेवावं हे एकालाही सुचलं नाही?"

मामाने तोंड उघडलं. मी शपथेवर सांगेन, त्याला खरंच सुचलं नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं, ड्रायव्हरला नव्हतं, खुद्द फिटरलाही नव्हतं. संघात जागा नाही म्हणजे घरात जागा नाही, हे त्यांच्या लेखी दिवसानंतर रात्र येते तसं होतं. चारही शहाणी माणसं. पण रग्बीची.

"काकू, पण नवा येईल तो..." फिटर म्हणाला.

"त्याचं त्याचा कोच बघेल. जा, बॅग रिकामी कर. आणि धुवायचे कपडे वेगळे काढून दे, सगळे एकत्र कोंबले असशील."

तो वर गेला. बॅगचं काय केलं ते कळलं नाही. सकाळी जिन्यावर मळक्या कपड्यांचं बोचकं होतं, एवढं मी पाहिलं. पण मामाशी तो बोलत नव्हता. उठायचा, खायचा, कामावर जायचा. मामीशी बोले, माझ्याशी बोले. मामा दिसला की बाजूने जायचा.

पुढच्या रविवारी मामाने मंडळी जमायची वाट पाहिली. हातात काम घेतलं नाही, त्यामुळे तोंडात खिळे नव्हतेच.

"मी तुम्हाला फसवलं," तो म्हणाला. "फिटर संपलाय. हंगाम सुरू झाला तेव्हाच मला दिसलं होतं. दहाचं सगळं मी रचलं."

"आम्हाला वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

डॉक्टरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "तू कधी चुकत नाहीस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. घरी जाऊन बायकोला म्हणालो, मला खेळ कळेनासा झाला."

मामाला हे फिटरच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागलं असावं. तो काही वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "नवा फुलबॅक घ्या. पण खोली आमच्याकडे नाही. तिथे माणूस राहतो."

आता प्रश्न, मग नव्याला कुठे ठेवायचं. वखारवाल्याची खोली लाइन-आउटच्या उंच माणसासाठी ठेवायची होती. बघता बघता सगळ्यांचे डोळे डॉक्टरांकडे वळले. वीस वर्षं ते कोणाला घ्यावं यावर बोलत आले होते, पण खोली त्यांनी कधी दिली नव्हती. घर ऐसपैस, छतं उंच.

"आमच्या हिला आवाज सहन होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"दवाखाना घराखालीच आहे ना तुमचा?" ड्रायव्हर म्हणाला. "दिवसभर लोक किंचाळतात, ते चालतं?"

"त्याची सवय झालीये."

"याचीही होईल. आणि सहा फुटी आहे हो, माळ्यावरच्या वस्तू काढून देईल."

डॉक्टर म्हणाले, विचारून बघतो. त्यांनी काय विचारलं आणि बाईंनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात नवा फुलबॅक दवाखान्यामागच्या खोलीत राहायला आला. आणि त्यानंतर दोन वर्षं डॉक्टरीणबाई त्याच्या खाण्याचं कौतुक दारोदार सांगत होत्या.

नव्याचा पहिला सामना शनिवारी होता. फिटर दुपारी जेवून स्वयंपाकघरातच रेंगाळला. शनिवारी दुपारी काय करायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने कपाटाचं दार उघडून बिजागरी तपासली. ठीक होती. मामीने त्याच्यासमोर वाटाण्याच्या शेंगा ओतल्या, तो सोलू लागला.

मामा कोट घालून खाली आला. दारापर्यंत गेला आणि थांबला. टोपी घातली, काढली, परत घातली. चल म्हणायचं त्याच्या जिभेवर होतं हे मला दिसत होतं, मामीलाही. पण त्याच्या म्हणण्यावरून एकदा हा माणूस मैदानात गेला होता. दुसऱ्यांदा म्हणायचा त्याला धीर होत नव्हता.

फिटर खाली बघून शेंगा सोलत होता. मग त्याने विचारलं, "वारा कुठून आहे?"

"टाकीकडून," मामा म्हणाला.

"म्हणजे पहिल्या अर्ध्यात नव्याच्या पाठीवर येणार."

"येणार."

"पुढे उभा राहायला हवं त्याने मग. वाऱ्याविरुद्ध समोरच्यांचा चेंडू अलीकडेच पडतो."

"कोच त्याला मागे ठेवणार आहे म्हणे."

फिटरच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मागे? पाठीवर वारा घेऊन मागे? कोणी शिकवलं त्यांना?" त्याने शेंग टाकली, पँटला हात पुसले आणि खुंटीवरचा कोट ओढला.

दोघं बाहेर पडले. उताराच्या वळणापर्यंत त्यांचे आवाज येत होते. मामा म्हणत होता, मागे ठेवला तर किमान धावत पुढे येता येतं. फिटर म्हणत होता, काका, तुम्ही आयुष्यभर डोकं खाली घालून खेळलात, तुम्हाला मागचं काय माहीत. मामाने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं होतं.

मामीने खिडकी लावून घेतली. उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

"तू सोल," ती म्हणाली. "मी जरा पडते. नऊ वर्षांत शनिवारी दुपारी डोळा लागलेला नाही. आपलं माणूस मैदानात असलं की कोण कधी हाड मोडून दारात आणून टाकेल, नेम नसतो."

ती वर गेली. काळोख पडायच्या सुमारास दोघं परत आले, तावातावाने बोलत, चिखलाच्या बुटांनिशी थेट स्वयंपाकघरात. मी ओठांवर बोट ठेवलं, तेव्हा दोघं एकदम गप्प झाले आणि बूट काढायला परत दाराशी गेले. मामी अजून झोपलेली होती.